एका सॉफ्टवेअरमधली वाद्यं दुसऱ्यात कशी न्यायची: एसएफ२, एसएफझेड आणि मंडळी

कॉम्प्युटर बदलला की जुने ३२ बिटचे प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं) चालेनासे होतात. कधी मित्राने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली सुंदर हार्मोनियम आपल्याकडे उघडतच नाही. मग नेटवरून एखादा कन्व्हर्टर उतरवायचा, फाइल त्यात ढकलायची आणि देवाचं नाव घ्यायचं, असा बहुतेकांचा रिवाज. बाहेर जे येतं ते वाजतं खरं, पण एक सप्तक वर, नाहीतर दर सेकंदाला टक् टक् करत, नाहीतर हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. माणूस वैतागून म्हणतो, सॅम्पलच, म्हणजे वाद्याच्या एकेका स्वराची रेकॉर्डिंगच, भिकार होते. सॅम्पल बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिनसतं ते त्यांच्याभोवतीच्या माहितीत, आणि ती माहिती हाताने दुरुस्त करता येते.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे, एकांकिकांना संगीत देणारे, कीबोर्ड वाजवणारे, आणि या कामात पहिल्यांदाच हात घालणारे यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण हार्मोनियमच्या साउंडफाँटचं, म्हणजे सॅम्पलवर चालणाऱ्या वाद्याच्या फाइलीचं, घेतो. आपल्याकडे तो पुष्कळांच्या हार्ड डिस्कवर पडलेला असतो, आणि या कामात जेवढ्या म्हणून अडचणी येतात त्यातल्या बऱ्याचशा हार्मोनियम एकटीच दाखवून देते.

आधी एवढं डोक्यात ठेवा

सॅम्पलवर चालणाऱ्या वाद्याच्या फाइलीत तीन गोष्टी असतात. पहिली, प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. दुसरी, नकाशा: कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत वाजवायचं, किती जोरात दाबल्यावर कुठलं निवडायचं, लूप (स्वर टिकवायला फिरून फिरून वाजणारा तुकडा) कुठून कुठे. तिसरी, वागणूक: स्वर सोडल्यावर किती वेळात विझायचा, फिल्टर, रिव्हर्ब (घुमारा), स्क्रिप्ट (वाद्याच्या आतला छोटा प्रोग्राम), नॉब.

रेकॉर्डिंग जसंच्या तसं पलीकडे जातं. नकाशा जवळजवळ सगळा जातो. वागणूक मात्र अर्धवट जाते किंवा जातच नाही, आणि कुठलाही कन्व्हर्टर घेतलात तरी यात फरक पडत नाही. वागणूक कानाने ऐकून पुन्हा बांधायची, एवढी मनाची तयारी ठेवलीत तर पुढची निराशा वाचेल.

काय काय लागेल

- पॉलिफोन: साउंडफाँट उघडण्या-बदलण्याचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.
- कन्व्हर्टविथमॉस: हेही मोफत आणि मुक्तस्रोत. एसएफ२, एसएफझेड, डिसेंट सॅम्पलर, ईएक्सएस, एमपीसी, कोर्गचे केएमपी असे डझनभर फॉरमॅट एकमेकांत बदलतं.
- स्फोर्झांडो किंवा एसफिझ: एसएफझेड वाजवणारे मोफत प्लेअर.
- डिसेंट सॅम्पलर: सॅम्पलची वाद्यं वाजवणारा आणखी एक प्लेअर, स्वतःच्या फॉरमॅटचा. मोफत. आयपॅडवरही चालतो.
- साधा टेक्स्ट एडिटर. वर्ड नको. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करून ठेवतं आणि मग फाइल उघडत नाही.
- ट्यूनर, आणि बरे हेडफोन.

हाताशी साउंडफाँट नसेल तर सरावासाठी जनरलयूजर जीएस घ्या. ३० एमबीच्या आसपास आहे, उतरवायला फुकट, आणि आत जनरल मिडीची, म्हणजे कीबोर्डवर ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या प्रमाण यादीतली, सगळी वाद्यं आहेत.

## १. हातात नेमकं काय आहे ते ओळखा

फाइलच्या नावाची शेपटी बघा. बरंचसं त्यातच कळतं.

एसएफ२ म्हणजे साउंडफाँट. ई-म्यू आणि क्रिएटिव्ह यांचा हा फॉरमॅट १९९४ च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२ कार्डापासून घरोघर पोचला. रेकॉर्डिंग, नकाशा, वागणूक सगळं एकाच फाइलीत, म्हणून हलवायला सोपा. एसएफ३ हा त्याचाच धाकटा भाऊ, आतलं रेकॉर्डिंग ऑग व्हॉर्बिसमध्ये दाबलेलं. म्यूझस्कोर हे स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तो ओळखीचा असेल.

एसएफझेड ही नुसती मजकुराची फाइल. रेकॉर्डिंग शेजारच्या फोल्डरमध्ये सुटी पडलेली असतात. डिसेंट सॅम्पलरची डीएसप्रीसेट फाइलही तशीच, फक्त मजकूर एक्सएमएलमध्ये. त्याच डिसेंट सॅम्पलरची डीएसलायब्ररी म्हणजे नुसती झिप. शेपटी बदलून झिप करा, उघडते.

ईएक्सएस म्हणजे लॉजिक या ॲपलच्या संगीत सॉफ्टवेअरमधला जुना ईएक्सएस२४ सॅम्पलर. २०२० साली लॉजिक १०.५ मध्ये त्याच्या जागी नवा सॅम्पलर आला, पण जुन्या फाइली तो वाचतो. ईएक्सएसमध्ये फक्त नकाशा असतो. कुणी तुम्हाला एकटीच ईएक्सएस फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तिच्यात आवाज नाही. रेकॉर्डिंगचा फोल्डर मागून घ्या.

एनकेआय म्हणजे काँटॅक्ट, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा सॅम्पलर. इथे दोन जाती आहेत. खुल्या लायब्ररीत सॅम्पल वेव्ह किंवा एनसीडब्ल्यू (काँटॅक्टचं दाबलेलं ऑडिओ) स्वरूपात सुटे दिसतात, त्यांचं काहीतरी करता येतं. बंद लायब्ररीत सॅम्पल कुलूपबंद असतात. तिथे थांबायचं. का, ते पुढच्या पायरीत.

## २. परवाना वाचा

हे कंटाळवाणं आहे, पण दोन मिनिटांचं काम आहे. आपण विकत घेतो ते वाद्य वाजवण्याचा हक्क, रेकॉर्डिंगची मालकी नव्हे. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या वापरासाठी फॉरमॅट बदलायला हरकत घेत नाहीत, पण बदललेली फाइल दुसऱ्याला देणं जवळजवळ सगळीकडे मना असतं. टेलिग्रामवर 'कन्व्हर्ट केलेली' म्हणून फिरणारी लायब्ररी बहुधा त्यातलीच. कुलूप फोडणं तर आपल्या कायद्यातही बसत नाही: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेलं ६५अ कलम त्यासाठीच आहे.

बंद लायब्ररीतला आवाज नव्या मशीनवर हवाच असेल तर जुन्या मशीनवर तो ट्रॅक वाजवून ऑडिओ म्हणून काढून घ्या. गाणं पुरं होतं, भानगड नाही.

निर्धास्तपणे काम करायचं तर व्हीएससीओ २ ची कम्युनिटी आवृत्ती किंवा व्हीसीएसएल यांसारखे संच आहेत. ते सीसी-शून्य परवान्याखाली दिलेले आहेत, म्हणजे बदला, वाटा, काहीही करा.

## ३. मूळ फाइलची प्रत काढा आणि नावं सुधारा

मूळ फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून तिला पुन्हा हात लावायचा नाही. काम प्रतीवर.

काम करायचा फोल्डर ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर बनवा. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अजूनही अनेक प्रोग्राम फाइल सापडत नाही म्हणतात. डाउनलोड्स, त्यात झिपचं नाव, त्यात पुन्हा तेच नाव, त्यात सॅम्पल्स असं करत करत ती मर्यादा सहज येते.

फाइलींची नावं साधी ठेवा: रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. देवनागरी नावं आपल्या मशीनवर चालतील, दुसऱ्याच्या नाही. नावात तीव्र स्वराची जाळीची खूण (#) नको, कारण एसएफझेडमध्ये त्या खुणेला वेगळा अर्थ आहे आणि काही प्लेअर तिथे अडखळतात. 'आणि'ची इंग्रजी खूण (&) तर डिसेंट सॅम्पलरची अख्खी फाइल मोडते, एक्सएमएलमध्ये ती तशी लिहिताच येत नाही.

स्वराच्या नावाऐवजी मिडीचा क्रमांक वापरा (मिडी ही कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांची भाषा, तिच्यात प्रत्येक पट्टीला ठरलेला आकडा असतो). हे मी हट्टाने सांगतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे मिडी क्रमांक ६०. यामाहा तिला सी३ म्हणते, रोलँड सी४ म्हणते, एसएफझेडमध्येही सी४. नावावरून नकाशा करायला गेलात की वाद्य नेमकं एक सप्तक सरकतं, ते याच घोळामुळे. ६० हा सगळीकडे ६० च असतो.

आता काही गोष्टी करू नका. सॅम्पल एमपी३ मधून फिरवू नका: एमपी३ सुरुवातीला थोडी शांतता जोडतं, स्वर उशिरा उठतो आणि लूप हलतो. प्रत्येक फाइल वेगळी 'नॉर्मलाइझ' करू नका. हळू वाजवलेला स्वर हळूच असायला हवा, सगळे एका उंचीवर आणले की वाद्याचा तोल गेला. सुरुवातीची शांतता कापू नका, लूपचे आकडे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. आणि वेव्ह फाइल ऑडिओ एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करताना जपून. वेव्हच्या पोटात मूळ स्वर आणि लूप यांची नोंद असलेला एक छोटा कप्पा असतो, तो अनेक एडिटर गुपचूप टाकून देतात.

## ४. साउंडफाँट पॉलिफोनमध्ये उघडा आणि एसएफझेड काढा

कुठल्याही फॉरमॅटमधून कुठल्याही फॉरमॅटमध्ये जायचं असलं तरी मधला मुक्काम एसएफझेडवर करावा असं माझं मत आहे. कारण एकच: ती फाइल उघडून डोळ्यांनी वाचता येते. बिघाड कुठे आहे ते दिसतं.

पॉलिफोनमध्ये डावीकडे तीन गट दिसतील: सॅम्पल, इन्स्ट्रुमेंट, प्रीसेट. आधी एकेक सॅम्पल उघडून तीन गोष्टी बघा: मूळ स्वराचा क्रमांक, सेंटमधली दुरुस्ती (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली तो आकडा). हौशी लोकांनी बांधलेल्या साउंडफाँटमध्ये मूळ स्वर सर्रास ६० ठेवलेला असतो आणि खरी पट्टी नकाशात सरकवून जुळवलेली असते. तसं असेल तर इथेच नीट करा, पुढे निस्तरायला त्रास पडतो.

मग निर्यात करताना एसएफझेड निवडा. प्रत्येक प्रीसेटची (वाजवायला निवडतो त्या वाद्याची) एक मजकुराची फाइल आणि सॅम्पलचा फोल्डर तयार होतो. जनरल मिडीचा अख्खा संच एकदम काढू नका, ढीगभर फाइली होतील. हवं ते वाद्य नव्या साउंडफाँटमध्ये ओढून घ्या आणि तेवढंच काढा. ताल आणि ड्रमचे संच शोधत असाल तर ते बँक १२८ मध्ये असतात.

नुसतं ऐकून बघायचं असेल तर एसएफ२ फाइल थेट स्फोर्झांडोवर ओढून टाका. तो स्वतःच तिचं एसएफझेडमध्ये रूपांतर करून वाजवायला लागतो. घाईच्या वेळी हे पुरतं. पण आधी लिहिलेली मूळ स्वराची तपासणी त्यात राहून जाते.

## ५. एसएफझेड फाइल उघडून वाचा

टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडली की असं काहीतरी दिसेल. इथे मी नावं देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी असतात, अक्षरं लहान लिपीतली.

<ग्रुप> लूप_मोड=लूप_कंटिन्युअस अँपईजी_रिलीज=०.२

<रीजन> सॅम्पल=सॅम्पल्स/पेटी_६०.वेव्ह लोकी=५९ हायकी=६१ पिच_कीसेंटर=६०

<रीजन> सॅम्पल=सॅम्पल्स/पेटी_६३.वेव्ह लोकी=६२ हायकी=६४ पिच_कीसेंटर=६३

वाचायला अवघड नाही. ग्रुपमध्ये जे लिहिलं ते खालच्या सगळ्या रीजनना लागू. अँपईजी_रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर स्वर विझायला लागणारे सेकंद. प्रत्येक रीजन म्हणजे एक रेकॉर्डिंग. लोकी ते हायकी ही पट्ट्यांची हद्द, पिच_कीसेंटर हा त्या रेकॉर्डिंगचा खरा स्वर. इथे एक सॅम्पल तीन पट्ट्या सांभाळतोय: स्वतःची, एक खालची, एक वरची. हार्मोनियमला यापेक्षा जास्त ताणू नका. पाच-सहा पट्ट्या सरकवलेली पेटी खेळण्यातली वाटायला लागते.

जोराच्या थरांसाठी लोव्हेल आणि हायव्हेल हे शब्द आहेत, १ ते १२७. पियानोला असे पुष्कळ थर लागतात. सॅलमँडर हा मोफत पियानो यामाहा सी५ वरून घेतलेला आहे आणि त्यात १६ थर आहेत. हार्मोनियमचं तसं नाही. पट्टी जोरात दाबली म्हणून पेटी जोरात वाजत नाही, ते काम भात्याचं. म्हणून इथे एकच थर ठेवा आणि अँप_व्हेलट्रॅक=० लिहा. हा एक शब्द लिहिला नाही तर एसएफझेड आपल्या मर्जीने हळू दाबलेला स्वर हळू वाजवतो, आणि पेटी पियानोसारखी वागायला लागते. भात्याचा चढउतार हवा असेल तर कीबोर्डच्या मॉड्युलेशन चाकावर किंवा एक्स्प्रेशन पेडलवर आवाज बांधा.

दोन सापळे. पत्ता लिहिताना पुढे झुकलेली रेघ वापरा, विंडोजची मागे झुकलेली नको. पुढची रेघ सगळीकडे चालते. आणि लहान-मोठी अक्षरं तंतोतंत जुळवा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

तिसरा सापळा जास्त छुपा आहे. प्लेअरला एखादा शब्द कळला नाही तर तो तक्रार करत नाही, मुकाट्याने सोडून देतो. स्फोर्झांडोला कळणारे काही जादा शब्द दुसऱ्या प्लेअरला ठाऊक नसतात. स्पेलिंग चुकलं तरी तसंच. काहीच बदलत नसेल तर आधी स्पेलिंग बघा.

## ६. लूप जुळवा

खरी कसोटी इथे आहे. टिकणाऱ्या स्वराच्या वाद्यात, म्हणजे हार्मोनियम, बासरी, व्हायोलिन, रेकॉर्डिंग संपलं तरी पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर चालू राहिला पाहिजे. त्यासाठी मधला तुकडा फिरून फिरून वाजवतात. रूपांतरात हा तुकडा तीन प्रकारे बिघडतो.

पहिला प्रकार: सॅम्पल रेट बदलला आणि लूपचे आकडे तसेच राहिले. लूपचे आकडे सेकंदांत नसतात, सॅम्पलच्या मोजणीत असतात (इथे सॅम्पल म्हणजे अख्खं रेकॉर्डिंग नव्हे, आवाजाचं एकेक मोजमाप). ४४,१०० च्या फाइलमध्ये दोन सेकंदांची जागा ८८,२०० वर असते. तीच फाइल ४८,००० ला नेली की ती जागा ९६,००० वर जाते. फाइल बदलली आणि मजकुरातला आकडा नाही, तर लूप भलतीकडेच जाऊन पडतो. शक्यतो सॅम्पल रेट बदलूच नका. प्लेअर वाजवताना ते काम स्वतः करतात.

दुसरा प्रकार: एकाचा फरक. साउंडफाँटमध्ये लूपचा शेवट म्हणून जो क्रमांक असतो तो शेवटच्या सॅम्पलच्या पुढचा. एसएफझेडमध्ये शेवटचा सॅम्पल लूपमध्ये धरलेला असतो. चांगला कन्व्हर्टर इथे एक वजा करतो, बेफिकीर करत नाही. एकाने काय होतं असं वाटेल. लूप दोन सेकंदांचा असेल तर काहीच होत नाही. पण जुन्या साउंडफाँटमध्ये जागा वाचवायला एका कंपनाएवढे छोटे लूप ठेवत. ४४,१०० ला १०० सॅम्पलचा लूप ४४१ हर्ट्झचा स्वर देतो. १०१ चा झाला की ४३६.६. जवळपास १७ सेंट उतरला. स्वर उठतो बरोबर आणि टिकवला की बेसूर होतो, असं ऐकू आलं की हेच समजा, आणि लूप_एंडच्या आकड्यातून एक कमी करून बघा.

तिसरा प्रकार खास पेटीचा. आपल्या पेटीत बहुधा दोन किंवा तीन रीड एकदम वाजतात आणि त्या एकमेकींशी अगदी तंतोतंत नसतात. त्या किंचित फरकामुळे स्वरात जी लहर येते तिच्यावरच पेटीचा गोडवा असतो. समजा एक रीड ४४० हर्ट्झची, दुसरी ४४२ ची. लहर सेकंदाला दोनदा येणार. लूप जर पाव सेकंदाचा ठेवला तर अर्धी लहर वाजते आणि तुटते, पुन्हा अर्धी, पुन्हा तुटते. कानाला ती घरघर लागते आणि आपण आकड्यांत चूक शोधत बसतो. लूप अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २२,०५० सॅम्पलचा करा. तेवढ्या वेळात एका रीडची २२० आणि दुसरीची २२१ कंपनं पुरी होतात, दोघी मूळ जागी येतात, जोड कळत नाही. एक सेकंद किंवा दीड सेकंद घेतलात तर आणखी बरं, कारण भात्याचा बारीकसा हेलकावाही त्यात येतो. प्रत्येक स्वराची लहर वेगळी असते, तेव्हा एकाच मापाने सगळे लूप कापायला जाऊ नका. लहर ऐका, मोजा आणि तिच्या पूर्ण पटीत लूप ठेवा.

पॉलिफोनमध्ये लाटेवर लूपची सुरुवात आणि शेवट ओढून बदलता येतात, आणि आपोआप लूप शोधणारं साधनही आहे. एकेरी रीडच्या स्वराला ते छान जागा काढून देतं. दोन-तीन रीडच्या पेटीला कानच बरा.

तबला, ढोलकी, संबळ यांना लूप नकोच. लूप_मोड=वन_शॉट लिहा, म्हणजे पट्टी लवकर सोडली तरी थाप पूर्ण वाजते. उघडा बोल वाजत असताना बंद बोल आला तर पहिला थांबायला हवा. साउंडफाँटमध्ये त्याला एक्सक्लुझिव्ह क्लास म्हणतात, एसएफझेडमध्ये ते काम ग्रुप आणि ऑफ_बाय या दोन शब्दांनी होतं. तानपुऱ्याचं मात्र मी सॅम्पलच्या वाटेला न जाता तानपुऱ्याचं ॲप वापरतो. चार तारांची एकत्र गुंजन लूपमध्ये बांधायला बसलात तर आठवडा जाईल.

## ७. एसएफझेडमधून हव्या त्या फॉरमॅटमध्ये

आता कन्व्हर्टविथमॉस उघडा. एका बाजूला स्रोताचा फोल्डर आणि फॉरमॅट, दुसऱ्या बाजूला कुठे ठेवायचं आणि कशात हवं. प्रत्यक्ष रूपांतराच्या आधी नुसती तपासणी करण्याची सोय आहे, ती वापरा. न सापडलेल्या फाइली तिथेच कळतात. मजकुराच्या खिडकीत लाल किंवा वेगळ्या रंगाची ओळ आली तर ती वाचायची, बंद करायची नाही.

डिसेंट सॅम्पलरकडे जाणं सगळ्यात सुखाचं. नकाशा बिनबोभाट जातो. फक्त रिलीज आणि नॉब ऐकून नीट करावे लागतात.

ईएक्सएस आणि खुल्या एनकेआय फाइली याच प्रोग्रामला दाखवता येतात. दाबलेले एनसीडब्ल्यू सॅम्पलही तो वाचतो. काँटॅक्टच्या सगळ्याच आवृत्त्यांच्या फाइली उघडतील असं नाही, आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं काहीही बाहेर येत नाही: लेगाटो, मींड, बोल बदलणाऱ्या पट्ट्या, सगळं मागे राहतं. ज्या लायब्ररीची सगळी करामत स्क्रिप्टमध्ये आहे, ती न्यायच्या फंदात पडू नका.

उलट दिशेने, म्हणजे एसएफझेडमधून साउंडफाँटकडे जाताना सगळ्यात मोठा घोटाळा होतो. एसएफझेडमध्ये एकाच बोलाची तीन-चार रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवता येतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. साउंडफाँटमध्ये ही कल्पनाच नाही. मग ती चारही रेकॉर्डिंग एकाच पट्टीवर एकदम वाजतात. आवाज दुप्पट मोठा आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पट्टी सोडल्यावर वाजायचे आवाज असतील, पियानोत असतात, तर तेही दाबतानाच वाजू शकतात. उपाय एकच: आधी एसएफझेडमधून एकेक रेकॉर्डिंग ठेवून बाकीचे रीजन काढा, मग बदला.

साउंडफाँटकडे जाताना २४ बिटचं रेकॉर्डिंग बहुधा १६ बिटचं होतं, हेही लक्षात असू द्या. वाजवायला पुरतं. पण म्हणूनच २४ बिटचे मूळ सॅम्पल टाकून द्यायचे नाहीत.

थरांमधला आवाजाचा तोलही बिघडलेला वाटेल. साउंडफाँटमधला आवाज कमी करण्याचा आकडा ई-म्यूच्या मूळ चिपवर सुमारे ०.४ पटच लागू व्हायचा. काही प्लेअर ती जुनी सवय पाळतात, काही आकडा पूर्ण लावतात. एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी वाजते ती यामुळे. एसएफझेडमध्ये व्हॉल्यूम हा शब्द लिहून डेसिबलमध्ये सरळ ठरवून टाका.

रोलँडच्या एसपीडी-एसएक्ससारख्या काठीने वाजवायच्या पॅडवर सॅम्पल टाकायचे असतील तर हे काहीच करू नका. पॅडला नकाशा नको, सुट्या वेव्ह हव्यात, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या. चौथ्या पायरीत निघालेला सॅम्पलचा फोल्डर त्यासाठी पुरेसा आहे.

## ८. ऐकून तपासा

आवडतं गाणं वाजवून तपासू नका. गाण्यात आपण नेहमीच्या पट्ट्यांवरच फिरतो. खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या, सावकाश दाबा. न वाजणारी किंवा दोनदा वाजणारी पट्टी सापडली की लोकी-हायकीची हद्द बघा.

मग ट्यूनर लावा. मिडी ६९ ला ४४० हर्ट्झ आलं पाहिजे, ६० ला २६१.६. सगळे स्वर सारखेच उतरलेले असतील तर ती पेटीची मूळ लावणी असू शकते. ४४० ला लावलेली नसलेली पेटी मिळणं काही विशेष नाही. तेव्हा ग्लोबलमध्ये (एसएफझेडच्या सुरुवातीचा, सगळ्या रीजनना लागू होणारा भाग) ट्यून लिहून सगळं एकदम वर घ्या. एखादाच स्वर चुकला असेल तर त्याचं पिच_कीसेंटर बघा. आणि गांधार-निषाद मुद्दाम उतरते लावलेले असतील तर त्यांना हात लावण्याआधी हे वाद्य तुम्हाला गिटार-पियानोबरोबर वाजवायचंय की गाण्याच्या साथीला, ते ठरवा.

प्रत्येक सॅम्पल घेतलेला स्वर दहा-बारा सेकंद दाबून धरा. लूपचे रोग तेवढ्यात बाहेर येतात. हेडफोन लावून ऐका, लॅपटॉपच्या स्पीकरवर टिचकी ऐकू येत नाही.

जोराचे थर असतील तर सॉफ्टवेअरमध्ये एकच स्वर २०, ६०, १०० आणि १२७ या जोरांनी लिहून वाजवा. हाताने सारखा जोर येत नाही.

जुनं मशीन अजून चालू असेल तर हीच मिडी फाइल तिथे वाजवून ऑडिओ काढा, नव्या ठिकाणीही काढा, आणि दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवून आळीपाळीने ऐका. शेपट्या बघा. स्वर सोडल्यावरची शेपटी जवळजवळ नेहमीच वेगळी निघते, आणि अँपईजी_रिलीजचा आकडा थोडा वरखाली करून ती जुळते. जुन्या वाद्याला रिव्हर्ब होता आणि नव्याला नाही, एवढंच असेल तर फाइलशी झगडू नका, ट्रॅकवर रिव्हर्ब लावा.

## ९. बांधून ठेवा

एका फोल्डरमध्ये मूळ फाइल, एसएफझेड, वेव्हचा फोल्डर, परवान्याची प्रत, आणि तुम्ही कुठले आकडे बदललेत त्याची चार ओळींची टेक्स्ट फाइल. सगळं झिप करून दुसऱ्या डिस्कवर टाका. मग ती झिप वेगळ्याच फोल्डरमध्ये, आणि जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, उघडून वाद्य वाजतं का बघा. पत्त्यात ड्राइव्हचं अक्षर राहून गेलं असेल तर ते इथेच कळेल. तसं असेल तर एडिटरमध्ये शोधा-बदला वापरून फोल्डरच्या नावाआधीचं सगळं पुसा आणि पुन्हा झिप करा.